शाळेला पालक हवाय, की त्याची वर्गणी?

करवीरकर
परवा पोराच्या दप्तरातून शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त रजिस्टर घरी आलं. आत चिठ्ठी : 'पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करून उद्या पाठवणे.' सभा म्हणे गेल्या महिन्यात झाली. सगळे ठराव 'सर्वानुमते' मंजूर. मी सदस्य, आणि मला सभेचा पत्ताच नाही!

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21 काय सांगतं? समितीत तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करायचा, अनुदान कुठं गेलं ते बघायचं, हे तिचं काम. आम्हाला बोलावणं येतं ते टीव्ही घ्यायचा असला नाहीतर कंपाउंडला रंग मारायचा असला की. 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला, गावोगाव लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहिल्या. त्याला नावं ठेवत नाही, मीही पैसे दिलेत. पण पावती फाडली की पालक मोकळा, असं शाळेनं धरलंय आणि पालकांनीही.

माझं म्हणणं एवढंच : महिन्यातून एकदा पोराची वही समोर ठेवून त्याला काय येतंय, काय येत नाही ते आईबापाला सांगा. वर्गणीचं नंतर बघू.

खडूवाला
मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. आमच्याकडं रजिस्टर असं फिरत नाही, पण ते का फिरतं ते कळतं. शिक्षक दोन, वर्ग चार. पोषण आहाराची रोजची नोंद, ऑनलाइन माहिती, वर मतदार यादीचं काम. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकाला दुसरं काम लावू नये असं कलम 27 म्हणतं. या तीन दारांतून किती कामं आत येतात ते आम्हाला विचारा. अकराला सभा लावली तर तिघं येतात. त्यातला एक दाखला मागायला आलेला असतो.

भांगलणवाली
गुरुजी, अकराला येणार कोण? भांगलणीचा रोज बुडतो. पहाटे धार, मग डेअरी, मग पोरांचे डबे, मग रान. तुम्हाला बाया पाहिजेत ना? संध्याकाळी सातला डेअरीच्या कट्ट्यावर या. किटली घेऊन सगळ्या तिथंच उभ्या असतात. मापाला नंबर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातातच.

आणि शाळेत गेलं की काय ऐकायचं? 'तुमचा मुलगा लक्ष देत नाही.' मला वाचायला कमी येतं, मी गप बसते. यंदाच्या बाईंनी निराळंच सांगितलं : रोज एक पान तुमच्यासमोर मोठ्यानं वाचायला लावा, तुम्ही फक्त ऐका. आता मला कळतंय, जोडाक्षर आलं की पोरगं खोकतं आणि पुढच्या शब्दावर उडी मारतं. हे बाईंना सांगितलं, त्यांनी तेवढंच धरून घेतलं. याला एक रुपया वर्गणी लागली नाही.

राजारामपुरी_नववी_गल्ली
सगळं गोड आहे, पण गावात समितीची निवड म्हणजे ग्रामपंचायतीची रंगीत तालीम असते. दोन गट, दोन उमेदवार, वर पुढाऱ्याचा फोन. निवडून आलेला तांदळाच्या पोत्यात लक्ष घालतो, पोराच्या गणितात नाही. शाळा शिक्षकांना चालवू द्या.

शाहू महाराजांनी 1917 ला संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते काय पालकसभा घेऊन? पोराला शाळेत न धाडणाऱ्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया! सगळ्यांना विचारत बसले असते तर निम्मी पोरं गुरांमागंच राहिली असती.

दसरा_चौक
भावा, इतिहास अर्धाच सांगितलास. 1901 चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग जैन, लिंगायत, 1908 चं अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग. दरबारानं मदत दिली, पण त्या त्या समाजातली माणसं कारभाराला उभी केली. मुस्लिम समाजातून कुणी पुढं येईना, तेव्हा 1906 ला शिक्षण संस्था काढून महाराज स्वतःच अध्यक्ष झाले. माणसं येत नाहीत म्हणून त्यांनी दार लावून घेतलं नाही. दंड तुला आठवला, हे आठवलं नाही.

राजारामपुरी_नववी_गल्ली
महाराज अध्यक्ष असतील तर माझाही पाठिंबा. इथं अध्यक्ष कोण होतो ते सांग.

इंग्रजी_माध्यम_पीडित
तुमच्याकडं निदान समिती तरी आहे. विनाअनुदानित शाळेला ती लागूच नाही. आम्हाला पालक-शिक्षक संघ. 2011 च्या शुल्क कायद्यानं कार्यकारी समितीतले पालक सोडतीनं निवडायचे. गटबाजी टळली, पण चिठ्ठी निघालेल्याला शाळा म्हणेल तिथं मान हलवण्यापलीकडं काही सुचत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिन बोलणार. झाला संवाद.

शिरोली_फौंड्री
लोकवर्गणीला एवढी नाकं का मुरडता? सरकारनंच 2023 ला शाळा दत्तक योजना आणली. कंपनीनं छप्पर घातलं, संडास बांधले तर बिघडलं कुठं?

करवीरकर
छप्पर घाला की दादा. पण त्या योजनेत देणगीदाराला शाळेच्या नावाला आपलं नाव जोडायची मुभा आहे. पैसेवाल्याला पाटी आणि पालकाला पेन्सिलीची फुली, हे खुपतं.

फडावरचा
दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या वगैरे. गाळप संपेस्तोवर पालं इथंच. आईबाप पहाटे फडात, मोठी पोरगी धाकट्याला घेऊन पालात. तिचा पालक तुमच्या समितीत आहे का? वर्षात कधीही प्रवेश द्यावा लागतो, कलम 15. वंचितांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात समितीत जागा द्या, असं कलम 21 मध्येच लिहिलंय. तरी गेल्या हंगामात आमच्या गावात या पोरांना शाळेत बसवायला निघालो, तेव्हा आडवं कोण आलं? गावातले पालक. 'आमच्या पोरांशेजारी नको.' हेडमास्तर तयार होते हो! शेवटी केंद्रप्रमुख येऊन बसले तेव्हा नावं लागली. समाजाचा सहभाग म्हणताना कुठला समाज, ते आधी ठरवा.

दसरा_चौक
हे मात्र खरं. पालक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं सातबारावाला येतो.

खडूवाला
फडावरच्या भाऊंशी सहमत. आम्हाला शाळेत कायदा पाळायचा असतो आणि गावाची मर्जीही, दोन्ही एकावेळी जमत नाही.

डेअरीवरच्या सभेचं मनावर घेतलंय. वह्या घेऊन येतो, तिसरी-चौथीपासून सुरुवात करू. अडचण एकच. मी राहतो शहरात, शेवटची एसटी सव्वासातला. नंतर कसं जाऊ?

भांगलणवाली
आमच्याकडं तरी दुधाचा टेम्पो आठला शहराकडं जातो. तुमच्याही गावात विचारा, ड्रायव्हरशेजारी बसवतील.

राजारामपुरी_नववी_गल्ली
टेम्पो कुठल्या गटाचा आहे ते बघून बसा, गुरुजी.