मदत हवी आहे: पावसाळ्यात गोठ्यातली गोचिडाची अंडी कशी संपवायची?

चार संकरित गाई, त्यातली एक गाभण. खाली फरशी पण भिंती दगडमातीच्या. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात गोचीड जवळपास दिसत नाही आणि पाऊस लागला की कानात, कासेला परत गच्च, बिचाऱ्या बेजार होतात. मादी रक्त पिऊन खाली पडते न भेगेत दोन-तीन हजार अंडी घालते, २७-२८ डिग्री आणि ८० टक्क्यांवर दमटपणा मिळाला की ती तीन-चार आठवड्यात फुटतात, एवढं माहितीये. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात डेल्टामेथ्रिन (गोचीड मारायचं औषध) गाईंवर आणि गोठ्यात मारलं, फ्लेम गन (जाळ फेकणारी बंदूक) पण फिरवली पण खोल भेगांत तिचा जाळ पोचत नाही. दूध डेअरीला जातं म्हणून गाईंना गोचिडावरचं इंजेक्शन नको. भेगा सिमेंटने बुजवून, पंखे लावून गोठा कोरडा ठेवला तर राहिलेली अंडी सुकून मरतील का, आणि अशा दमट हवेत दुसरी फवारणी किती दिवसांनी घ्यायची?