मदत हवी आहे : दुसऱ्याच्या बिळात राहणारा समुद्री मासा मुलांपुढे कसा मांडावा?

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांच्या लेखी मासा म्हणजे तापीतला, आणि तो एकतर पोहत असतो, नाहीतर जाळ्यात असतो. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या एका गटाला मी कॅरिबियन समुद्रातील एका चिमुकल्या माशाचा विषय दिला आहे आणि त्याची मांडणी करताना अडलो आहे.

या माशाचे शास्त्रीय नाव अकँथेम्ब्लेमारिया स्पायनोझा. ते १९१९ मध्ये दिले गेले. पूर्ण वाढला तरी तो जेमतेम ३ सेंटीमीटर भरतो. अंगावर खवले नाहीत, डोक्यावर मात्र बारीक काटे आणि डोळ्यांच्या वर तुरे आहेत. बीळ कोरणे त्याला जमत नाही, म्हणून मेलेल्या पोवळ्याच्या (प्रवाळाच्या) सांगाड्यात कृमींनी किंवा शिंपल्यांनी पोखरलेले आणि पुढे रिकामे पडलेले नळीसारखे भोक तो गाठतो, शेपटीकडून आत शिरतो आणि डोके तेवढे बाहेर ठेवून बसतो. प्रवाहाबरोबर वाहत आलेला कॉपेपॉड, म्हणजे झिंग्याच्या गोतातला एक अतिशय बारीक जीव, टप्प्यात आला की झडप घालतो आणि क्षणात मागे सरकतो. मादी नराच्या बिळात अंडी घालून निघून जाते. पिल्ले बाहेर पडेपर्यंत राखण नर करतो.

हे सांगून होताच एका मुलाने विचारले, "सर, त्या नळीना मालक कथा गया?" म्हणजे त्या नळीचा मूळ मालक कुठे गेला? प्रश्न अगदी नेमका होता. सुतार पक्ष्याने कोरलेल्या जुन्या ढोलीत पोपट राहतो हे मुलांनी बांधावरच्या झाडांवर पाहिले आहे, त्यामुळे तो दाखला लगेच पटला. दुसरा दाखला शेतातच सापडला. मोटारीच्या खोपीतून वायर नेण्यासाठी बसवलेल्या पाइपच्या तोंडाशी एक पाल डोके काढून बसलेली असते. किडा जवळ आला की पुढे झेपावते आणि आम्ही वाकून पाहू लागलो की उलटी आत सरकते.

खरी अडचण पुढची आहे. याच माशाचा एक भाऊबंद, अकँथेम्ब्लेमारिया अ‍ॅस्पेरा, त्याच खडकांवर राहतो. परंतु उंचावरची बिळे, जिथे प्रवाह जोरदार आणि अन्न भरपूर, ती स्पायनोझा बळकावतो आणि अ‍ॅस्पेराला खाली, तळालगत, कमी अन्नावर भागवावे लागते. स्पायनोझाच्या शरीराला ऊर्जाही जास्त लागते, त्यामुळे खालची जागा त्याला परवडत नाही. कॅरिबियनमधील सेंट क्रॉय बेटाजवळ सांबराच्या शिंगांसारखे फांद्या फुटलेले पोवळे रोगाने मेले, तरी त्याचे उभे सांगाडे होते तोवर स्पायनोझाला उंचावर घरे मिळत होती. पुढे ते सांगाडे पोखरून ढासळले, तेव्हा त्याची संख्या घटली. ज्या पोखरण्यातून घर मिळते त्याच पोखरण्याने इमारत कोसळते, हा भाग मला प्रदर्शनात सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच दाखवता येत नाही.

सध्या थर्माकोलच्या ठोकळ्यात ठिबकच्या बारीक मायक्रोट्यूबचे तुकडे खोचून पाहिले. माशाचे माप त्यात बरोबर बसते. परंतु तीन हात लांबून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. दहापट मोठी प्रतिकृती करावी म्हटले, तर सांगाडा परीक्षकांसमोर ढासळवायचा आणि पुन्हा उभा करायचा कसा, हे सुचत नाही. मातीचा करावा, की तुकडे जोडून लाकडी करावा? असे काही केलेल्यांनी साहित्यासह सांगावे.

दुसरी विनंती नावाबद्दल आहे. "नळीमासा" म्हटले तर पाइपफिश हा वेगळाच मासा समजला जाण्याचा धोका आहे आणि "नळीनिवासी मत्स्य" हे नाव मुलेच काय, मीही दुसऱ्यांदा उच्चारणार नाही. किनाऱ्यावरच्या मंडळींकडे, खडकाच्या भोकात डोके काढून बसणाऱ्या माशाला बोलीतले एखादे नाव असेल तर ते हवे आहे. शिवाय कोणाकडे कृमींच्या पांढऱ्या, चुनखडी नळ्या चिकटलेला जुना शंख किंवा शिंपला पडून असेल, तर त्याचे जवळून काढलेले छायाचित्र द्यावे, म्हणजे "मालक" निदान कसे घर बांधतो एवढे तरी त्या मुलाला दाखवता येईल.