दुर्बिणीतच रेंजफाइंडर, की दोन वेगळी साधनं?

खडकवाट
काल एका धाग्यावर कुणीतरी ठासून लिहिलं होतं की रेंजफाइंडरवाली, म्हणजे लेझरने अंतर मोजून आतच आकडा दाखवणारी दुर्बीण आल्यावर दोन वेगळी साधनं बाळगणं हा निव्वळ हट्ट आहे. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान होईना, म्हणून हा वेगळा धागा.

शिकारीला डोंगरात दहा तास बसलो तर त्यातले नऊ तास मी नुसता बघत असतो. अंतर मोजायची वेळ दिवसातून तीन-चारदा येते, तीही काही सेकंदांची. तेवढ्यासाठी गळ्यात किलोभर वजन का वागवायचं? साधी चांगली १०×४२ (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिमी काचेची) सातशे-आठशे ग्रॅममध्ये मिळते, रेंजफाइंडरवाली बहुतेक नऊशेच्या पुढे. शिवाय आकडा दाखवण्यासाठी आत जो थर द्यावा लागतो, तो थोडा प्रकाश खातो आणि बऱ्याच दुर्बिणींत हलकी रंगाची झाक आणतो. भर दुपारी हे जाणवत नाही. पण सूर्य कलल्यानंतर झाडीच्या कडेला उभं असलेलं ते शिंग आहे की फांदी, हे ठरवताना नक्की जाणवतं.

आणि बिघाड. माझी जोड-दुर्बीण (दोन्ही एकातच असलेली) हंगामाच्या दुसऱ्याच आठवड्यात आकडा दाखवेनाशी झाली. दुरुस्तीला पाठवली ती नऊ आठवड्यांनी परत आली. रेंजफाइंडर गेला आणि त्याच्यासोबत माझे डोळेही गेले. वेगळी साधनं असती तर एकच गेलं असतं.

चौखूर
वजनाचा हिशोब अर्धाच मांडलात. साधी दुर्बीण आठशे ग्रॅम, खिशातला रेंजफाइंडर दोनशेच्या आसपास. बेरीज करा. ओझं तेवढंच, फक्त विभागून घेतलंय. मान दुखत असेल तर छातीवरचा पट्टा वापरा, मी गळ्यात दोरी अडकवून कधी फिरत नाही.

आता माझा अनुभव. पहाटे समोरच्या धारेवर एक नर दिसला. दुर्बीण खाली सोडली, खिशातून रेंजफाइंडर काढला, डोळ्याला लावला. सहापटीच्या त्या टीचभर नळीतून तो नर मला परत सापडलाच नाही. सगळीकडे तेच वाळलेलं गवत, तेच खडक. पुन्हा दुर्बीण लावली तेव्हा तो धार ओलांडत होता. त्या दिवशी ठरवलं की ज्या काचेतून जनावर बघतोय, त्याच काचेतून अंतर मिळालं पाहिजे. १९९२ मध्ये लायकाची पहिली जिओव्हिड आली, म्हणजे हे काही कालचं खूळ नाही.

आणि ट्रायपॉड? अंतर मोजणारा लेझर किरण पसरतो. १ मिलिरेडियन पसरणारा किरण ५०० मीटरवर अर्धा मीटर रुंद होतो. हातात धरलेली ती डबी थरथरली की किरण जनावराला सोडून मागच्या झुडपावर जातो आणि झुडपाचं अंतर दाखवतो. दुर्बीण ट्रायपॉडवर असली की तो प्रश्न राहत नाही.

दोनकाचा
चष्मा लावणाऱ्यांचं कुणी बोलतच नाही! बऱ्याच स्वस्त रेंजफाइंडरांत डोळा पार काचेला टेकवल्याशिवाय कडेचा आकडा दिसत नाही. त्यात तो काळ्या रंगात. तिन्हीसांजेला काळ्या झाडीवर काळा आकडा वाचून दाखवा मला. लाल उजळणारे आकडे हवेतच, मग साधन कुठलंही घ्या.

जुनाजाणता
तुम्ही सगळे साधनावर भांडताय. माझं दुखणं वेगळं आहे. हातात आकडा आला की माणसाला नको ते धाडस येतं.

मी स्वतः केलंय. ४१० मीटर, आकडा अचूक, वारा पडलेला, बंदुकीवरच्या स्कोपची फिरकी त्या अंतराला बरोबर फिरवलेली. गोळी सुटली आणि हरणाने चरता चरता एक पाऊल पुढे टाकलं. एवढ्या अंतराला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. लागली ती पोटात. अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरलो, पानं उलटून उलटून बघत. सापडलं दुसऱ्या दिवशी सकाळी, ओढ्याच्या काठाला. तेव्हापासून २५० च्या पुढे मी बोट चापावर ठेवत नाही.

चौखूर
वाईट वाटलं वाचून. पण एका चुकीचं खापर यंत्रावर फोडू नका. रेंजफाइंडर नव्हते तेव्हा जनावरं जखमी होत नव्हती का? १०० मीटरला झिरो केलेल्या (तिथे नेम जुळवलेल्या) .३०८ रायफलची गोळी तीनशेला चाळीसेक सेंटिमीटर खाली जाते, साडेतीनशेला साठच्या पुढे. डोळ्याच्या अंदाजात पन्नास मीटरची चूक सहज होते. म्हणजे छातीवर धरलेला नेम पायावर. मोजणं हीच जनावरावरची दया आहे.

जुनाजाणता
नीट वाचा. खापर मी माझ्यावरच फोडलंय. मोजू नका असं कुठे म्हटलं? मोजलेलं अंतर जास्त निघालं तर जवळ जा, किंवा सोडून द्या, एवढंच म्हणतोय. अंदाजाच्या काळात आम्ही घाबरून दीडशेपर्यंत सरपटत जायचो. ती भीती कामाची होती.

चौखूर
सरपटत जायला प्रत्येक ठिकाणी आडोसा मिळत नाही. मधे उघडी दरी असेल तर काय कराल? घरी बसून शिकवणं सोपं आहे.

जुनाजाणता
दरी असेल तर परत येईन. रिकाम्या हाताने परत यायला मला कधी लाज वाटली नाही. आणि घरी बसलेला कोण हे न विचारता बोलू नका.

खडकवाट
दोघेही जरा दमाने घ्या, धागा दुर्बिणीचा आहे. ट्रायपॉडचा मुद्दा मान्य करावाच लागतो, मनात नसलं तरी. आणि बिघाडाचंही पूर्ण खरं सांगतो. काचा शाबूत होत्या, हंगाम संपेपर्यंत तशीच वापरता आली असती. हमीची मुदत संपत होती म्हणून घाईने पाठवली. पण हा पेच दोन साधनं असती तर आलाच नसता, यावर मी ठाम आहे.

चढ-उताराचं मात्र दोन्ही बाजूंनी विसरू नका. ३० अंशांच्या उतारावर मोजलेले ४०० मीटर गोळीच्या हिशोबात ३४६ च असतात. कोन धरून आडवं अंतर देत नसेल ते साधन डोंगरात घेऊ नये, जोडलेलं असो की सुटं. धुक्यात तर दोन्ही सारखीच फसतात, लेझर समोरच्या थेंबांवरूनच परत येतो.

आणि चौखूर, झुडपाचं अंतर येतं याला कारण दरवेळी हात नसतो. काचेत दिसणारी नेमाची चौकट आणि किरण एका रेषेत आहेत का, कधी तपासलंय? मागे मोकळी टेकडी असलेला एकटा खांब घ्या, चौकट हळूहळू आडवी सरकवा, खांबाचा आकडा नेमका कुठे येतो ते बघा.

चौखूर
आत्ताच ट्रायपॉड लावून बघितलं. चौकट खांबावर बरोबर बसवली की टेकडीचं अंतर येतंय. खांबाच्या डावीकडे अर्धी चौकट सरकवली की खांबाचं. तीनदा केलं, तिन्हीदा तेच. गेल्या हंगामात एका मादीवर मला ४३८ आला होता आणि गोळी पाठीवरून गेली, ते मी वाऱ्यावर ढकललं होतं. जोड-दुर्बिणीबद्दलचं मत बदललेलं नाही. पण ही उद्या दुरुस्तीला जातेय, आणि तोवर तुमच्यासारखा सुटा रेंजफाइंडर कुणाकडून तरी मागावा लागणार.