विषय: अडीचऐवजी तीन इंचांची लग बसेल का?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

माझ्या जुन्या माउंटन स्नोमोबाइलचा ट्रॅक (बर्फावर गाडी ढकलणारा रबरी पट्टा) १६३ इंच लांबीचा, २.८६ इंच पिचचा (म्हणजे लगतच्या दोन खाचांमधले अंतर) असून त्याच्या लगची, म्हणजे पट्ट्यावरच्या रबरी उंचवट्यांची, उंची अडीच इंच आहे. कडेला रबराखालचे कापड दिसू लागल्यामुळे यंदा तो बदलणे भाग आहे. दुकानदाराचे म्हणणे असे, की बदलायचाच आहे तर तीन इंचांचा घ्यावा, म्हणजे ब्रिटिश कोलंबियातल्या गोल्डन गावाकडच्या ताज्या भुसभुशीत बर्फात गाडी रुतणार नाही. लग टनेलला (ट्रॅकवरच्या पत्र्याच्या आच्छादनाला) घासेल का, असे विचारले तेव्हा "सगळ्यांना बसतो" एवढेच उत्तर मिळाले. या विषयातले आपले जाणकार काका सध्या मुंबईत आहेत याची कल्पना आहे. तरीही सवडीने मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आपला,
कॅलगरीतील एक सभासद

—

सप्रेम नमस्कार,

ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात, दादरच्या घरी पंख्याखाली बसून बर्फाविषयी लिहिण्याची वेळ आपण आणलीत, त्याबद्दल आधी आभार मानतो. "सगळ्यांना बसतो" हे वाक्य मीही एकदा ऐकले होते आणि त्यावर विसंबून एका गाडीला तीन इंची ट्रॅक चढवला होता. पहिल्याच दिवशी रबर जळाल्याचा वास आला आणि संध्याकाळी पाहतो तर पुढच्या कूलरवर (इंजिनाचे पाणी गार करणाऱ्या भागावर) ओरखडे उठलेले व लगची टोके एका बाजूने तासल्यासारखी झालेली. म्हणून माझे मत असे, की लगची उंची आधी ठरवून जागा शोधू नये. जागा मोजावी आणि उंची तिच्यावरून ठरवावी.

मोजायचे ते ड्राइव्ह शाफ्टच्या (ट्रॅक फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून सर्वांत जवळच्या अडथळ्यापर्यंत. हा अडथळा बहुधा पुढचा कूलर असतो, परंतु कधीकधी टनेलमध्ये आत डोकावणारे एखाद्या बोल्टचे डोकेच आधी आडवे येते, त्यामुळे नुसत्या पत्र्यापर्यंत मोजून समाधान मानू नये. या अंतरातून तीन गोष्टी वजा कराव्यात: ड्रायव्हरची (शाफ्टवरच्या, ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाची) पिच-त्रिज्या, ट्रॅकच्या पट्ट्याची निम्मी जाडी (ही साधारण अष्टमांश इंच धरावी) आणि लगची उंची. पिच-त्रिज्या काढण्यासाठी दात्यांची संख्या पिचने गुणून ६.२८ ने भागावे. आपल्याकडे आठ दाती ड्रायव्हर असतील, तर ८ गुणिले २.८६ म्हणजे २२.८८ आणि त्याला भागून ३.६४ इंच येतात. उरलेली फट किमान अर्धा इंच असावी. मी स्वतः पाऊण इंच उरल्याखेरीज निर्धास्त होत नाही. ट्रॅक वेगाने फिरू लागला, की केंद्रोत्सारी बलाने बाहेर फुगतो, आणि रात्री टनेलला चिकटून गोठलेला बर्फ सकाळी तीच फट आणखी खातो, म्हणून हा ऐवज राखून ठेवावा लागतो.

पडताळणीसाठी एक घरगुती उपाय सांगतो. गणपतीच्या वेळची शाडूची माती उरली असेल (नसल्यास मुलांची प्लॅस्टिसिन चालेल), तर तिचे जाडसर गोळे कूलरवर आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर चिकटवावेत, गाडीचे इंजिन बंद ठेवून मागची बाजू उचलावी आणि ट्रॅक हाताने पूर्ण एक फेरी फिरवावा. लग जिथे माती दाबेल तिथल्या उरलेल्या थराची जाडी म्हणजे आजची फट. मात्र आपली अडीच इंचांची लग झिजून सव्वादोनवर आली असण्याची शक्यता आहे. ती मोजून तेवढी तूट हिशेबात धरली नाही, तर माती खोटा दिलासा देईल.

जागा अपुरी निघाली, तर त्याच पिचचे सात दाती ड्रायव्हर बसवता येतात. एक दाता कमी केला, की त्रिज्या ०.४५ इंचाने घटते, म्हणजे वाढीव अर्ध्या इंचाची बहुतेक भरपाई तिथेच होते. पण हा सौदा फुकट नाही. शाफ्टच्या एका फेरीत ट्रॅक २२.८८ ऐवजी २०.०२ इंचच सरकतो, म्हणजे गियरिंग आठव्या हिश्शाने खाली येते. शिवाय ट्रॅक सुमारे दीड इंच सैल पडत असल्याने मागचा अॅक्सल पाऊण इंचाच्या आसपास मागे घ्यावा लागतो, तेव्हा ताण देणाऱ्या स्क्रूला तेवढी मजल शिल्लक आहे ना, हे आधी पाहावे. शाफ्टच हलवून जागा करणारे वेगळे चेनकेसही (शाफ्ट फिरवणाऱ्या साखळीची पेटी) मिळतात, परंतु जुन्या गाडीवर तो खर्च मला पटत नाही.

आता मूळ प्रश्न: तीन इंच हवेत कशाला? परवा पंपाचा पट्टा आणायला नागदेवी स्ट्रीटला गेलो होतो. तिथे काउंटरवर एकाच जाडीच्या रबराच्या दोन पट्ट्या पडल्या होत्या. एकीचे टोक अडीच इंच व दुसरीचे तीन इंच काउंटरबाहेर काढून अंगठ्याने सारखे दाबले, तर दुसरे चक्क मान टाकून बसले. सारख्याच बलाखाली वाक हा लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळे उंची एक पंचमांशाने वाढली, की वाक पाऊणपटीच्या जवळपास अधिक होतो. खोल, भुसभुशीत पावडरीत हे वाकणे सुसह्य ठरते, पण मार्च-एप्रिलच्या घट्ट, दाणेदार बर्फावर उंच लग लवचीकपणे घसरते, आणि पार्किंगपासून वरपर्यंतच्या टणक ट्रेलवर ती तापून फाटू शकते. त्यातच टर्बो नसलेले इंजिन उंचीच्या दर हजार फुटांस सुमारे तीन टक्के शक्ती गमावते, म्हणजे सात हजार फुटांवर पाचवा हिस्सा गेलेलाच. उरलेल्या शक्तीने तीन इंची लग फिरवायची, ट्रॅकचा वेग राहिला नाही तर ती जागच्या जागी चर खणणार. आपण डिसेंबर-जानेवारीपेक्षा वसंतातच अधिक जाता, असे आठवते. तसे असेल तर अडीचच घ्यावी.

आपला,
काका, मुक्काम दादर

—

काकांस सविनय नमस्कार,

काल रात्री गॅरेजमध्ये मोजमाप केले. आपला अंदाज खरा ठरला: सर्वांत जवळ कूलर नव्हे, तर त्याच्या शेजारचा एक बोल्ट आहे आणि तो शाफ्टच्या मध्यापासून ६.९ इंचांवर येतो. आठ दात्यांवर अडीच इंची नव्या लगसाठी ०.६३ इंच उरतात, तीन इंचीसाठी केवळ ०.१३. सात दाती ड्रायव्हर लावले, तर तीन इंचीलाही ०.५९ मिळाले असते, परंतु अॅक्सलचा स्क्रू जवळजवळ शेवटाला आलेला आहे, त्यामुळे तो मार्ग बंद झाला. तो बोल्ट बुटक्या डोक्याचा टाकून अडीच इंचांचाच ट्रॅक मागवत आहे. शाडू मात्र गॅरेजच्या थंडीत दगडासारखी झाली होती. शेवटी मुलीच्या प्लॅस्टिसिनवर काम भागवले, आणि तिला नवा डबा कबूल करावा लागला.

आपला,
कॅलगरीतील सभासद