पाणी हिरवं पडलं तरी आधी पीएच बघा

रोज क्लोरीन टाकूनही घरच्या पूलचं पाणी हिरवं होतंय, यावर वर दोघांनी मात्रा दुप्पट करायला सांगितलंय. मला ते पटत नाही. पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) ७.५ च्या आसपास असेल तर क्लोरीनचा साधारण निम्माच भाग जोमानं जंतू मारणाऱ्या रूपात असतो. ८ च्या वर गेला की तो पाव भागाहूनही कमी उरतो. मग कितीही ओता, शेवाळ हटत नाही. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा, मगच क्लोरीन मोजा.

मला दुसरी शंका येते ती स्टॅबिलायझरची (क्लोरीन उन्हात टिकवणारं, पण फार झालं की त्याचा जोर कमी करणारं रसायन), म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिडची. ट्रायक्लोरच्या, म्हणजे स्टॅबिलायझर असलेल्या क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर प्रत्येक गोळीबरोबर ते वाढत जातं, आणि पाण्याबरोबर उडूनही जात नाही. ३० ते ५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) ठीक. १०० च्या पुढे गेलं असेल तर थोडं पाणी काढून नवं भरणं हाच खात्रीचा उपाय.

क्लोरीनचा मोठा डोस संध्याकाळी द्या. स्टॅबिलायझर कमी असेल तर उन्हात क्लोरीन काही तासांत संपतं. पंप रात्रभर चालू राहू दे. भिंती ब्रशनं घासा, विशेषतः शिडीच्या मागे.

आणि एक कळकळीची विनंती: ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट (पूलमध्ये टाकायचं दुसऱ्या प्रकारचं क्लोरीन) एकत्र कधीही करू नका, दोन्हींना एकच माप वापरू नका. आग लागू शकते, स्फोटही होतो. अ‍ॅसिड (पीएच उतरवायला वापरतात ते) तर क्लोरीनपासून लांबच ठेवा, त्यातून विषारी वायू निघतो. तळ स्पष्ट दिसेपर्यंत मुलांना पाण्यात सोडू नका.