बॉनेटखालचा दिवा: आधी अर्थिंग बघा
नवा बल्ब टाकूनही बॉनेटखालचा दिवा लागत नाही म्हणताय, तर स्विच मागवायच्या आधी अर्थिंग (म्हणजे दिव्याची बॅटरीच्या निगेटिव्हशी होणारी जोडणी) तपासा. १९७०च्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत या दिव्याला एकच वायर येते, १२ व्होल्टची; परतीचा रस्ता बॉनेटचा पत्रा आणि बिजागऱ्यांमधून. तिथे गंज चढला किंवा नवा रंग बसला की संपलं! माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. वायरमध्ये करंट असेल तर दिव्याच्या ब्रॅकेटपासून बॅटरीच्या निगेटिव्हला एक तात्पुरती वायर लावून बघा. लागला? मग स्क्रूखालचा पत्रा घासून चकचकीत करा. दिव्यातला स्विच पाऱ्याचा असतो, बॉनेट उचलल्यावर पारा सरकून जोडणी होते. दिवा तिरका बसला तर बॉनेट बंद असतानाही तो जळत राहतो आणि बॅटरी उतरते. ती पाऱ्याची नळी मात्र कृपा करून फोडू नका.