विषय: उत्तर: उत्तर: प्रीमियर लीगचा अभिमान नेमका कशाचा?

प्रेषक: लातूरकर, मुक्काम लेस्टर

मंडळी, मागच्या रविवारी कुणीतरी म्हणलं की इंग्लंडचं फुटबॉल सगळं उसनं आहे. मला हे पटत नाही. प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडच्या क्लबांची सगळ्यात वरची स्पर्धा, जगात एवढी बघितली जाणारी दुसरी लीग दाखवा. इटलीवाल्यांनी तर आता बोलूच नये. आमच्या लेस्टरच्या क्लबनं 2016 ला लीग जिंकली, त्याचा अभिमान होता, आहे आणि राहणार.

प्रेषक: केजवाला, सध्या सुट्टीत गावाकडं

दादा, दिवाळीच्या शुभेच्छा. लेस्टरचा अभिमान मलापण आहे, पण ती टीम एकदा आठवा ना, कोच रानिएरी इटलीचे, मालक थायलंडचे, खेळाडूंनी वर्षातला सर्वोत्तम म्हणून निवडलेला माहरेझ अल्जीरियाचा, मधे जीव तोडून पळणारा कांते फ्रान्सचा, कॅप्टन मॉर्गन जन्मला नॉटिंगहमला पण खेळायचा जमैकाकडून. वार्डी इंग्लंडचा, त्यानं गोल पण धडाधड मारले, त्याचं श्रेय त्याला आहेच. ते यश लेस्टर शहराचं आहे, शंभर टक्के. पण तेच घेऊन इटलीवाल्याला हिणवायचं हे कसं चालंल, कोच तर त्यांचाच होता!

1999 मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबनं साउदॅम्प्टनविरुद्ध सुरुवातीच्या अकरात एकही ब्रिटिश घेतला नव्हता, 2005 ला लंडनच्याच आर्सेनल क्लबच्या तर एका मॅचला राखीव धरून सोळाच्या सोळात नव्हता. यात वाईट काहीच नाही, खेळ उलट बघण्यासारखा झाला. लीग 1992 ला सुरू झाली, पण अजून एकाही इंग्लिश मॅनेजरनं, म्हणजे कोचनं, ती जिंकलेली नाही. हे ठाऊक असलेला माणूस ताठ मानेनं बोलंल, पण दुसऱ्याला खाली बघून बोलणार नाही.

इथं बीडकडं आता ऊसतोडीच्या टोळ्या निघायल्यात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, ट्रॅक्टरवर संसार बांधलेला, लेकरंबाळं सोबत, चालले सांगली-कोल्हापूरकडं. कारखान्यानं गाळपाचा विक्रम केला तर तो कारखान्याचा आहेच, जमीन त्यांची, पाणी त्यांचं, यंत्रं त्यांची. पण तिथलं कुणी बीडवाल्याला म्हणलं की तुम्हाला काय येतंय, तर फडात कोयता कुणाचा चालला हे विचारावंच लागंल. फुटबॉलवाल्यांना पैसा रग्गड मिळतो, कोयत्याला मिळत नाही, हा फरक फार मोठा आहे आणि त्याचा मला राग येतो, पण तो विषय वेगळा.

प्रेषक: नांदेडची ताई, मँचेस्टर

भाऊ, तुझं बरोबर आहे, फक्त एक बाजू राहिली. बाहेरच्यांकडून इथली पोरं शिकली पण. 2012 पासून क्लबांच्या अकादम्या नव्यानं बांधल्या, आणि 2017 ला आपल्या कोलकात्यात इंग्लंडच्या सतरा वर्षांखालच्या पोरांनी स्पेनला 5-2 हरवून वर्ल्डकप नेला. त्यातला फोडेन पुढं मँचेस्टर सिटी क्लबात स्पेनच्या कोच ग्वार्डिओलाच्याच हाताखाली तयार झाला. ह्याचा अभिमान खुशाल करा, कष्टाचा आहे.

मला भीती वाटते ती 2021 सारख्या रात्रीची. युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, फायनलला इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो, साका ह्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या आणि लोकांनी त्यांच्या रंगावरून घाण घाण लिहिलं. तिघंही इंग्लंडमध्येच जन्मलेले, इथंच खेळून मोठे झालेले. जिंकेपर्यंत आपले आणि हरले की परके! म्हणून दादा, मंडळाच्या हॉलमध्ये मॅच लावाल तेव्हा पोरांसमोर कुठल्याच देशाला नावं ठेवायची नाहीत, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. खुर्च्या आणि चहाचं मी बघते.